लष्करी न्याय आणि बहुमत

पनवेलच्या वडाळे तलावाच्या कांठीं संध्याकाळच्या वेळीं सेवानिवृत्त मंडळींचा एक घोळका बसतो, आणि देशापुढील सर्व प्रश्नांचा निकाल तेथें रोज लागतो. परवां तेथें न्यायालयांच्या दिरंगाईचा विषय निघाला. एका वृद्ध गृहस्थांनीं वर्तमानपत्राची घडी घालीत आपला अभिप्राय दिला: “आपले हे खटले वीस-वीस वर्षें चालतात. दंगलखोर असो, लांचखाऊ असो, देशद्रोही असो, सरळ लष्करी न्यायालयापुढें उभा करावा. चार दिवसांत निकाल, आणि तोहि स्वच्छ.” सर्वांनीं माना डोलावल्या. बांकाच्या टोकाला एक सेवानिवृत्त सुभेदार बसले होते. ते सहसा बोलत नाहींत. ते म्हणाले, “अण्णासाहेब, मी तसल्या न्यायालयांत बसलों आहें. आरोपी पोरगा समोर उभा होता. मला तोंड होतें, पण मत नव्हतें.” एवढें बोलून ते गप्प झाले. मंडळी लौकरच दुसऱ्या विषयाकडे वळली. आम्हांस मात्र तें वाक्य घरीं आल्यावरहि सोडीना, आणि त्यांतूनच प्रस्तुत लेख लिहिला गेला आहे.

लष्करी न्यायालयाविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गांत दोन मतें प्रचलित आहेत. एक वरील गृहस्थांचें. त्यांच्या मतें गणवेशांतला मनुष्य निःस्पृह, म्हणून त्याचा न्यायहि निःस्पृह. दुसरें मत याच्या नेमकें उलट आहे. तेथें न्याय नसतोच, वरिष्ठाचा हुकूम असतो, आणि पांच अमलदार केवळ त्यावर माना डोलावतात, असें तें म्हणतें. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष सारखेच आळशी आहेत. कारण त्या न्यायालयांत मतें कशीं घेतलीं जातात, कितीं मतांनीं काय होतें, आणि झालेल्या निकालाचें पुढें काय होतें, हें पाहण्याची तसदी दोघांपैकीं एकानेंहि घेतलेली नसते. तें पाहिल्यावर जें दिसतें त्यांत स्तुतीस पात्र असें पुष्कळ आहे, आणि निषेधास पात्र असेंहि थोडें नाहीं.

प्रथम स्तुतीचा भाग घेऊं. आपल्या सैन्याचा कायदा 1950 सालचा आहे. त्यांत कोर्ट-मार्शलचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत सर्वांत मोठें तें जनरल कोर्ट-मार्शल. त्यांत निदान 5 अमलदार बसावे लागतात. प्रत्येकाची अमलदारी निदान 3 वर्षांची असावी लागते, आणि त्यांपैकीं निदान चौघे कॅप्टन किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचे असावे लागतात. ज्यानें न्यायालय बोलावलें, जो फिर्याद चालवितो, जो साक्षीदार आहे, ज्यानें आधीं चौकशी केली, किंवा जो आरोपीचा कमांडिंग अमलदार आहे, त्याला तेथें बसतां येत नाहीं. सभासदांचीं नांवें आरोपीला वाचून दाखवितात, आणि त्यांतील कोणाविषयींहि हरकत घेण्याचा त्याला अधिकार असतो. हरकतीवर उरलेले सभासद मत देतात, आणि निम्मीं मतें जरी आरोपीच्या बाजूनें पडलीं तरी तो सभासद उठून जातो. आपल्या गांवच्या दिवाणी न्यायालयांत एखाद्या पक्षकारानें न्यायाधीश बदलून मागून पाहावा, म्हणजे या सवलतीची किंमत कळेल.

साक्षीपुरावा संपला कीं न्यायालय दारें बंद करून विचारास बसतें. प्रत्येक आरोपावर प्रत्येक सभासदाला आपलें मत तोंडानें सांगावें लागतें. कोणालाहि तटस्थ राहतां येत नाहीं. आणि मतें घ्यावयाचीं तीं सर्वांत कनिष्ठ हुद्द्याच्या सभासदापासून. हा नियम आम्हांस या सर्व व्यवस्थेंतील सर्वांत शहाणा नियम वाटतो. आपल्या घरांत, पंचायतींत, संस्थांच्या कार्यकारी मंडळांत रीत याच्या उलट असते: अध्यक्ष बोलतात, वडील खांकरतात, आणि मग धाकट्यांचें मत काय असावें हें धाकट्यांस आपोआप समजतें. जेथें हुद्द्याचा धाक सर्वांत अधिक, त्या सैन्यानेंच मात्र हें ओळखलें कीं कर्नलानें आधीं तोंड उघडलें तर कॅप्टनाचें मत मत राहणार नाहीं. तें कर्नलाच्या मताचा प्रतिध्वनि होईल. म्हणून कॅप्टन आधीं बोलतो. लष्करी न्यायालय म्हणजे केवळ हुकूम, असें म्हणणाऱ्यांनीं हा नियम कोणी आणि कशासाठीं केला असेल याचा विचार करावा.

निकाल बहुमतानें होतो. मतें समसमान पडलीं तर निकाल आरोपीच्या बाजूचा. अध्यक्षाला निर्णायक जादा मत असतें, पण तें किरकोळ प्रश्नांपुरतें. दोष किंवा शिक्षा ठरवितांना तें वापरतां येत नाहीं. देहान्ताची शिक्षा द्यावयाची तर साधें बहुमत पुरत नाहीं. निदान दोन-तृतीयांश सभासदांची संमति लागते, म्हणजे पांचांत चौघांची आणि सातांत पांचांची. धामधुमीच्या काळीं भरविलेल्या समरी जनरल कोर्ट-मार्शलमध्यें, जेथें तीनच अमलदार पुरतात, तेथें देहान्तासाठीं सर्वांचें एकमत व्हावें लागतें. घाईचें न्यायालय जितकें लहान, तितकी अट कडक. ही योजना विचारी माणसांनीं केलेली आहे हें उघड आहे, आणि ती नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल.

येथपर्यंत अण्णासाहेबांचा पक्ष खूष झाला असेल. पण आतां असा प्रश्न आहे कीं, मतें नीट मोजलीं म्हणजे न्याय झाला काय?

फ्रान्समधील ड्रेफसचें प्रकरण सर्वांस ऐकून माहीत असतें, पण त्यांतील मतांचे आंकडे फारसे कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. 1894 च्या डिसेंबरांत सात अमलदारांच्या लष्करी न्यायालयानें कॅप्टन ड्रेफस यास हेरगिरीबद्दल दोषी ठरविलें. तें एकमतानें. त्यास जन्मठेपेसाठीं डेव्हिल्स बेटावर धाडण्यांत आलें. खरा संशय ज्याच्यावर होता त्या एस्टरहाझीस 1898 च्या जानेवारींत दुसऱ्या लष्करी न्यायालयानें निर्दोष सोडलें. तेंहि एकमतानें. 1899 मध्यें रेन येथें तिसरें न्यायालय बसलें, आणि त्यानें ड्रेफसला 5 विरुद्ध 2 मतांनीं पुन्हा दोषी ठरविलें. अखेर 1906 च्या जुलैंत फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठानें तो निकाल रद्द करून त्यास निष्कलंक जाहीर केलें. म्हणजे दोनदां एकमत आणि एकदां भरपूर बहुमत, आणि तिन्ही वेळां चूक! मतें मोजण्यांत कोणी लबाडी केली होती काय? मुळींच नाहीं. लबाडी झाली ती मतांच्या आधीं. आरोपीला व त्याच्या वकिलाला न दाखवितां एक गुप्त कागदांचें पुडकें न्यायाधीशांच्या खोलींत गेलें होतें. सात प्रामाणिक माणसांनीं आपल्या वरिष्ठांनीं दिलेल्या कागदांवर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा अपराध.

परदेशाचें उदाहरण नको असेल त्यांनीं मुंबईचें घ्यावें. 1959 सालीं नौदलाचा कमांडर नानावटी याच्यावर खुनाचा खटला झाला. गोळी लागून मेलेला गृहस्थ सैनिक नव्हता, म्हणून खटला लष्करी न्यायालयापुढें न जातां मुंबईच्या सेशन्स कोर्टांत नागरिक ज्यूरीपुढें चालला. नऊ ज्यूरर्सपैकीं आठांनीं आरोपीस निर्दोष ठरविलें. न्यायाधीशांस तो कौल पुराव्याशीं इतका विसंगत वाटला कीं त्यांनीं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविलें. तेथें नानावटीस दोषी ठरविण्यांत येऊन जन्मठेप झाली, आणि 1961 च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. तेथें गणवेशाचें तेज आरोपीच्या अंगावर होतें, आणि वर्तमानपत्रांनीं पेटविलेलें लोकमत त्याच्या पाठीशीं होतें. आठ विरुद्ध एक हा आंकडा मोठा खरा, पण तो चुकीचा आहे हें ठरवितां आलें, कारण वर पाहणारें दुसरें न्यायालय होतें आणि त्याच्यापुढें सर्व पुरावा उघडा होता.

या दोन उदाहरणांवरून आमचें म्हणणें स्पष्ट होईल. बहुमत ही न्यायाची शेवटची पायरी आहे. तिच्या आधीं आणि नंतर कांहीं गोष्टी असल्या तरच ती पायरी कोठें तरी पोंचविते. मत देणारे कोणीं निवडले? त्यांच्यापुढें जें आलें तें सर्व आरोपीनें पाहिलें काय? त्यांनीं कारणें सांगितलीं काय? आणि त्यांची चूक दुरुस्त करणारा कोणी आहे काय? या चार प्रश्नांपुढें आपलें आजचें लष्करी न्यायालय उभें करून पाहूं.

पहिला प्रश्न निवडीचा. न्यायालय जो वरिष्ठ बोलावतो तोच सभासदांची नेमणूक करतो. तो स्वतः बसत नाहीं हें खरें. पण सभासदांच्या बढतीचीं आणि बदलीचीं सूत्रें त्याच्याच किंवा त्याच्या वरच्या हातांत असतात. आरोपीला हरकत घेतां येते हेंहि खरें, परंतु हरकत माणसाविरुद्ध घेतां येते, पद्धतीविरुद्ध घेतां येत नाहीं. जनरल कोर्ट-मार्शलपुढें कायदा समजावून सांगण्यास जज्ज-अॅडव्होकेट असलाच पाहिजे असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. परंतु त्याला मत नाहीं, आणि तोहि त्याच सैन्याच्या एका खात्यांतला असतो.

दुसरें, दोषी ठरविण्यास लागणारें बहुमत. देहान्त वगळला तर सर्व शिक्षा, जन्मठेपसुद्धां, साध्या बहुमतानें देतां येतात. म्हणजे पांचांपैकीं दोन शपथ घेतलेल्या अमलदारांना आरोपी निर्दोष वाटला, तरी त्याचें उरलेलें आयुष्य तुरुंगांत जाऊं शकतें. संशयाचा फायदा आरोपीस, हें तत्त्व आपण शाळेपासून घोकतों. मग पांचांत दोघांचा संशय हा संशय नव्हे काय? आणखी एक गोष्ट पाहा. ज्या सभासदानें निर्दोष म्हणून मत दिलें, त्यालाहि शिक्षा किती द्यावी यावर मत द्यावेंच लागतें. जो गुन्हा घडलाच नाहीं असें त्याला मनोमन वाटतें, त्याबद्दलची शिक्षा त्यानें कोणत्या मनानें ठरवावी? अमेरिकेंत लष्करी न्यायालयांस पूर्वीं दोन-तृतीयांश मतें पुरत. 2019 पासून दोषी ठरविण्यास तीन-चतुर्थांश मतें लागतात. तेथील सैन्याची शिस्त त्यामुळें कोसळली असें आम्हीं कोठें वाचलें नाहीं.

यावर कायद्याचे जाणकार म्हणतील कीं, साध्या सेशन्स कोर्टांत तर एकच न्यायाधीश असतो. एकापेक्षां पांचांतले तीन बरे. हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाहीं. तो एक न्यायाधीश कायद्याचा अभ्यास केलेला असतो. तो उघड्या न्यायालयांत निकाल वाचतो, आणि प्रत्येक साक्षीवर आपण कां विश्वास ठेवला किंवा कां ठेवला नाहीं तें लिहितो. त्यानें फांशी दिली तर उच्च न्यायालयानें मंजूर केल्यावांचून ती अंमलांत येत नाहीं. त्याचा एकटेपणा त्याच्या लेखणीनें भरून काढलेला असतो. पांच अमलदार मात्र केवळ ‘दोषी’ किंवा ‘दोषी नाहीं’ एवढेंच सांगून मोकळे होतात.

येथें आपण तिसऱ्या प्रश्नाशीं येतों, आणि आमच्या मतें हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. 1990 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें असा निर्णय दिला कीं, कोर्ट-मार्शलनें किंवा त्याचा निकाल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानें कारणें देण्याची कायद्यानें सक्ति केलेली नाहीं. कायदा तसा आहे हें आम्ही मानतों. तो तसा असावा हें मात्र मानीत नाहीं. त्यांतच प्रत्येक सभासदाला शपथ असते कीं, कोणीं कोणतें मत दिलें तें, कायद्याच्या न्यायालयानें विचारल्याखेरीज, प्रकट करावयाचें नाहीं. कनिष्ठ सभासदाच्या रक्षणासाठीं ही गुप्तता जरूर आहे. पण कोणीं मत दिलें हें गुप्त ठेवणें वेगळें, आणि कां दिलें हेंहि गुप्त ठेवणें वेगळें.

कारणावांचूनच्या निकालाचा आणि शपथेचा मिळून काय घोळ होतो तें इंग्लंडच्या ॲडमिरल बिंगच्या खटल्यांत दिसतें. मिनॉर्का बेट गेलें म्हणून 1757 सालीं त्याच्यावर कोर्ट-मार्शल झालें. भित्रेपणाच्या आरोपांतून न्यायालयानें त्यास मुक्त केलें, पण आपल्याकडून होण्यासारखें सर्व त्यानें केलें नाहीं एवढ्या दोषावरून, कायद्यांत दुसरी शिक्षाच नसल्यामुळें, त्यास मरणाची शिक्षा दिली, आणि त्याच न्यायाधीशांनीं त्याच्यासाठीं दयेची शिफारस केली. पुढें कांहीं न्यायाधीशांच्या मनास टोंचणी लागून त्यांनीं आपणांस शपथेंतून मोकळें करावें अशी मागणी केली. कॉमन्स सभेनें तसा ठरावहि पास केला; लॉर्डांनीं तो फेटाळला. 14 मार्च 1757 रोजीं बिंगला जहाजाच्या तक्तपोशीवर गोळ्या घालण्यांत आल्या. न्यायाधीशांच्या मनांत काय होतें तें त्यांच्या मनांतच राहिलें. निकालपत्र लिहिण्याची चाल असती, तर त्यांना शपथ मोडण्याची परवानगी मागावी लागली नसती.

चौथा प्रश्न चूक दुरुस्तीचा. कोर्ट-मार्शलचा निकाल वरिष्ठाची मंजुरी मिळेपर्यंत निकालच नव्हे, असा आपला नियम आहे. ही मंजुरी कधीं दयेचें द्वार होते. 1945 च्या अखेरीस लाल किल्ल्यांत आझाद हिंद सेनेच्या शहानवाझखान, सहगल व धिल्लन या तिघांस लष्करी न्यायालयानें जन्मठेप फर्माविली, आणि सरसेनापति ऑकिन्लेक यांनीं मंजुरी देतांना ती माफ केली. आरोपींच्या वतीनें मुंबईचे भुलाभाई देसाई यांनीं केलेलें भाषण आणि बाहेरचा लोकक्षोभ दोन्ही त्यांच्यापुढें होते. परंतु तेंच द्वार उलटहि उघडतें. न्यायालयानें निर्दोष ठरविलें तरी मंजुरी देणारा वरिष्ठ तो निकाल एकदां फेरविचारासाठीं परत पाठवूं शकतो. पांच अमलदारांनीं विचारपूर्वक ‘दोषी नाहीं’ म्हटलें; आतां त्यांच्याच वरिष्ठानें कागद परत पाठविले. कनिष्ठानें आधीं मत द्यावें हा सुंदर नियम येथें कोठें गेला? सर्वांत वडील मनुष्य दारांतून पुन्हा आंत आलाच कीं!

2007 च्या कायद्यानें सैनिकांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरण निघालें, तें 2009 मध्यें सुरू झालें, आणि त्याचें एक पीठ मुंबईसहि आहे. कोर्ट-मार्शलच्या निकालावर तेथें अपील करतां येतें. अशा अपिलाची सोय नाहीं याबद्दल सर्वोच्च न्यायालयानें 1982 सालींच खेद व्यक्त केला होता. सोय होण्यास पंचवीस वर्षें लागलीं. झाली हें उत्तम झालें. तथापि ज्या निकालास कारणेंच नाहींत, त्याची चूक अपील न्यायालयानें शोधावी कशी? साक्षींचीं पानें पुन्हा वाचून, खालच्यांना काय वाटलें असेल याचा तर्क करीत.

आतां सुभेदारसाहेबांच्या वाक्याकडे येऊं. वर वर्णिलेलें सर्व, म्हणजे पांच सभासद, हरकत, कनिष्ठापासून मतें, समसमान झाल्यास सुटका, हें मोठ्या न्यायालयांचें वैभव झालें. साध्या शिपायाच्या वांट्यास पुष्कळदां येतें तें समरी कोर्ट-मार्शल. तेथें न्यायालय म्हणजे एकटा कमांडिंग अमलदार. दुसरे दोघे, अमलदार किंवा सुभेदार-जमादार वर्गांतले, आरंभापासून शेवटपर्यंत हजर असावे लागतात. पण त्यांना शपथ नसते आणि मतहि नसतें. ते बसतात, ऐकतात, उठतात. सुभेदारसाहेब बसले होते ते असे. लेफ्टनंट-कर्नल किंवा त्यावरचा अमलदार असल्या न्यायालयांत एक वर्षापर्यंत कैद देऊं शकतो, नोकरींतून काढून टाकूं शकतो, आणि त्या शिक्षेस सामान्यतः मंजुरीचीहि वाट पाहावी लागत नाहीं. अमलदारावर किंवा सुभेदारावर असलें न्यायालय भरवितां येत नाहीं. तें फक्त खालच्यांसाठीं आहे. वायुदलाच्या 1950 च्याच कायद्यांत हा प्रकार नाहीं, आणि म्हणून वायुदल बेशिस्त झालें असें कोणी म्हणत नाहीं. न्यायाधिकरणाकडे अपील करावयाचें तर बडतर्फी झालेली असावी किंवा कैद 3 महिन्यांहून अधिक असावी लागते.

हा प्रकार कोठवर जातो तें रणजित ठाकूर या शिपायाच्या खटल्यानें दाखविलें. वरिष्ठांकडे परस्पर तक्रार पाठविली म्हणून त्यास कैद झाली. कैदेंत असतांना जेवण्याचा हुकूम झाला तो त्यानें मानला नाहीं. ज्या अमलदाराविरुद्ध त्याची तक्रार होती, तोच त्याच्या समरी कोर्ट-मार्शलमध्यें बसला, आणि जेवण नाकारल्याबद्दल एक वर्ष सक्तमजुरी व बडतर्फी अशी शिक्षा झाली. 1987 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली: पूर्वग्रह असलेला मनुष्य न्यायासनावर बसूं शकत नाहीं, आणि शिक्षा अपराधाच्या मानानें बेसुमार आहे, हीं दोन कारणें देऊन. तो शिपाई दिल्लीपर्यंत पोंचला. न पोंचलेल्यांची गणती कोणी करावी?

शिस्तीचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. सीमेवर उभ्या असलेल्या पलटणींत महिनोन् महिने खटला चालवितां येत नाहीं, हुकूम मोडणाऱ्यास तेथल्या तेथें जाब द्यावा लागतो, हें खरें आहे. म्हणून रणांगणावरील न्यायालय वेगळें असावें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु शांततेच्या छावणींत, जेथें टपाल रोज येतें आणि वकील तासाभराच्या वाटेवर असतो, तेथें एकट्यानें न्याय करण्याचें कारण काय? शिस्त ही शिपायाच्या विश्वासावर उभी असते. आपल्यावर अन्याय झाला तर कोणी तरी ऐकेल हें ज्याला ठाऊक आहे, तो शिपाई हुकूम अधिक निर्धास्तपणें पाळील.

राहिला अण्णासाहेबांचा मुख्य मुद्दा: नागरिकांनाहि लष्करी न्यायालयापुढें न्यावें. याचा अनुभव मराठी माणसानें घेतलेला आहे, तो विसरण्याजोगा नाहीं. 1930 च्या मे-जूनमध्यें सोलापुरांत लष्करी कायदा पुकारून लष्करी न्यायालयांनीं नागरिकांस शिक्षा दिल्या. गोव्यांत पोर्तुगीजांनीं स्वातंत्र्य मागणाऱ्यांस लष्करी न्यायालयापुढें उभें केलें. 1946 सालीं त्रिस्तांव ब्रागांझ कुन्ह यांस आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यांत धाडलें. 1955 च्या सत्याग्रहांत नानासाहेब गोरे यांस दहा वर्षें व मधु लिमये यांस बारा वर्षें फर्माविलीं. मोहन रानडे यांस तर सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि गोवा 1961 सालीं मुक्त झाल्यावरहि ते 1969 पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगांत राहिले. त्या न्यायालयांतहि न्यायाधीश होते, कागद होते, शिक्के होते. नव्हतें तें एकच: आरोपीच्या बाजूनें निकाल देऊनहि ज्याचें कांहीं बिघडणार नाहीं असा न्यायाधीश.

आणि अगदीं अलीकडचें प्रकरण तर घरोघरीं माहीत आहे. कुलभूषण जाधव या मराठी गृहस्थास पाकिस्तानांतील लष्करी न्यायालयानें 2017 च्या एप्रिलांत देहान्ताची शिक्षा दिल्याचें जाहीर झालें. खटला बंद दारांआड झाला होता, आणि भारताच्या वकिलातीस त्यांची एकदांहि भेट घेऊं दिलेली नव्हती. भारतानें प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत नेलें. आपल्या बाजूनें नागपूरचे हरीश साळवे यांनीं काम चालविलें. 17 जुलै 2019 रोजीं त्या न्यायालयानें 15 विरुद्ध 1 मतांनीं ठरविलें कीं पाकिस्ताननें वकिलातीच्या भेटीविषयींचा व्हिएन्ना करार मोडला असून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे. शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मात्र न्यायालयानें मान्य केली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. आमचा मुद्दा निराळा आहे. हेगचाहि निकाल बहुमतानेंच झाला. पण पंधरांनीं काय म्हटलें आणि कां म्हटलें तें छापून प्रसिद्ध आहे. एकानें विरोध कां केला तेंहि त्याच्या नांवानिशीं छापलेलें आहे. रावळपिंडीच्या न्यायालयांत कितीं मतें कोठें पडलीं आणि कां, हें त्या माणसाच्या आईलाहि कळलें नाहीं. जे वाचक त्या वेळीं संतापले, त्यांनीं तसलेंच न्यायालय आपल्या देशांतील नागरिकांसाठीं मागावें हें आम्हांस समजत नाहीं.

साधीं न्यायालयें निर्मळ असतात असा आमचा दावा नाहीं. सोलापूरचे मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस 12 जानेवारी 1931 रोजीं येरवड्यांत फांशी झाली ती साध्या न्यायालयाच्या निकालानेंच. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, ज्यांच्या नांवाचें नाट्यगृह आज आपल्या गांवांत उभें आहे, ते लष्कराच्याच हिशेबखात्यांतले कारकून. पण 1879 सालीं त्यांचा खटला पुण्यास सेशन्स न्यायालयांत चालला, आणि त्यांस जन्मठेप होऊन एडनला पाठविण्यांत आलें. परकी सत्तेचें न्यायालय तें. तरी सार्वजनिक काका व महादेव चिमणाजी आपटे यांस तेथें त्यांच्या बाजूनें उभें राहतां आलें, लोकांस तो खटला पाहतां आला, आणि म्हणूनच त्या माणसाचें म्हणणें आज आपणांस ठाऊक आहे. बंद दारांआड तें झालें असतें तर शिरढोणलासुद्धां तें कळलें नसतें.

तेव्हां आमच्या मागण्या थोडक्यांत अशा. दोषी ठरविण्यास साधें बहुमत पुरूं नये. निदान जेथें दीर्घ कैदेचा संभव आहे तेथें पांचांत चौघांचें मत लागावें. निकालास, मग तो एका पानाचा कां असेना, कारणें जोडावीं. मत देणाऱ्याचें नांव गुप्त राहो, पण विचार उघड असावा. निर्दोष ठरविलेल्याचा निकाल वरिष्ठानें परत पाठवूं नये. शांततेच्या काळीं समरी कोर्ट-मार्शल बंद करावें, आणि तें बंद होईपर्यंत तेथें बसणाऱ्या दोघांस शपथ आणि मत द्यावें. नागरिकास लष्करी न्यायालयापुढें नेण्याची भाषा तर आपण तोंडांतूनहि काढूं नये. न्यायालयांच्या दिरंगाईवर उपाय म्हणून अधिक न्यायाधीश मागावेत. न्याय कमी करून मागूं नये.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सुभेदारसाहेबांस विचारलें, त्या पोराचें पुढें काय झालें? ते म्हणाले, “सहा महिने कैद झाली आणि घरीं गेला. मला विचारलें असतें तर मीं सोडला असता. पण कोणी विचारलेंच नाहीं.” अण्णासाहेब शेजारींच बसले होते. त्यांनीं त्या दिवशीं वर्तमानपत्र उघडलें नाहीं.